पोटातले हिरवे खडे

शनिवारी सकाळी साडेनऊला थंड उत्तरेकडच्या काल्डावीक गावातल्या तरणतलावावरच्या गरम कुंडात अठरा माणसं बसली होती. कुंड बारा जणांचं. आणखी दहाबारा माणसं ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळून काठावर उभी होती. हवा उणे चार अंश. एरवी या गावातला माणूस कुंडातून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत पळत जातो, पण त्या दिवशी कुणी जागचं हलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे सोल्वीच्या हातातल्या काचेच्या बरणीवर खिळले होते.

बरणी हेरिंग माशाच्या लोणच्याची, लेबल खरवडून काढलेली. आत पाण्यात खडे तरंगत होते. हिरवट, पिवळट, एखाददुसरा तपकिरी. बरेचसे वाटाण्याएवढे, दोन तर चांगले बोराएवढे.

"ओळखा," सोल्वी म्हणाला.

कुणाला ओळखता आलं नाही.

"ही बार्दुरच्या पोटावरची चरबी आहे. परवापर्यंत त्याच्या पट्ट्यावरून खाली लोंबत होती. आज माझ्या हातात आहे."

बार्दुर म्हणजे गावाचा बेकर. तो कुंडात उभा राहिला आणि ओल्या पोटावर थाप मारून म्हणाला, "आठवड्यात सहा किलो. पट्टा दोन भोकं आत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेच्या मॅनेजरने बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि देवाचा प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी परत केली.

काचेच्या खोलीतून ओद्नी हे पाहत होती. ती या तलावाची जीवरक्षक. वय अठ्ठावन्न, नोकरी एकतीस वर्षांची. गावातली आठशे माणसं तिने पोहण्याच्या कपड्यांत पाहिली होती, आणि कुणाचं पोट कसं, कुणाच्या गुडघ्यावर कसली शस्त्रक्रिया झाली, हे तिला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती जाकीट चढवून बाहेर आली.

"काठावर काच चालत नाही," ती म्हणाली. "फुटली तर पाय कापतात. पाटी तिथे लावलीय."

"ही साधी काच नाही, ओद्नी," सोल्वी हसून म्हणाला. "यात एका माणसाची सुटका आहे."

"मग सुटकेने ऑफिसात येऊन बसावं. जाताना बार्दुरने घेऊन जावं."

तिने बरणी उचलली. कुंडातून नाराजीचा सूर उमटला. पाठमोरी होताना तिच्या कानावर सोल्वीचं वाक्य पडलं, आणि ते तिच्या कानावर पडावं म्हणूनच बोललं गेलं होतं. "जे पोट स्वतःला घाबरतं ते सगळ्यात मोठ्याने ओरडतं."

ओद्नीचं पोट मोठंच होतं. तिने ते कधी लपवलं नव्हतं.

सोल्वी याच गावचा. वीस वर्षांचा असताना कोपनहेगनला गेला आणि एकवीस वर्षांनी ऑक्टोबरात परत आला तो असं पोट घेऊन, की पहिल्या दिवशी बायका आणि पुरुष दोघंही बोलायचं थांबले. सहा चौकोन, बेकरीच्या साच्यातून काढल्यासारखे. आपल्या पद्धतीला तो 'वितळण' म्हणायचा. हे चौकोन अकरा दिवसांत उघडे पडले, असं तो सांगायचा.

"तुमच्याकडेही ते आहेत," तो कुंडात बसून सांगे. आवाज मऊ, घाई कसली ती नाही. "प्रत्येकाकडे आहेत. ते कैदेत आहेत. शरीर कंजूष नाहीये मंडळी, शरीर घाबरलेलं आहे. न बोललेला प्रत्येक शब्द ते चरबी करून पोटावर ठेवून देतं. त्याला अभय द्या, ते आपणहून सोडतं."

अभय द्यायची रीत अशी. पाच दिवस अन्न बंद, फक्त सफरचंदाचा रस. सहाव्या दिवशी संध्याकाळी जुलाबाचं मीठ, पाण्यात कालवून, दोनदा. त्यानंतर झोपायच्या वेळी भरलेला पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात घुसळून एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. तेल सोल्वीकडूनच घ्यायचं, कारण त्याने ते 'जागं केलेलं' असे. सकाळी चाळणी घेऊन संडासात जायचं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही. शाळेची मुख्याध्यापिका, बँकेचा मॅनेजर, बंदरावरचा क्रेनवाला, चर्चमधला ऑर्गन वाजवणारा अशी शहाणीसुरती माणसं सकाळी चाळणी घेऊन संडासात जात होती. जे मिळे ते नळाखाली धुऊन, बरणीत भरून, फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवत होती. नोव्हेंबरात गावच्या दुकानातल्या चाळण्या संपल्या.

आणि खडे मिळत होते. प्रत्येकाला. एकालाही रिकामी चाळणी घेऊन परतावं लागलं नाही, आणि सोल्वीचा सगळा डोलारा त्याच एका गोष्टीवर उभा होता.

मग सोल्वी खडे वाचायचा. फिकट हिरवा म्हणजे गेल्या वर्षीची चरबी. गडद हिरवा म्हणजे दहा वर्षांपूर्वीची. तपकिरी म्हणजे गिळलेलं दुःख. तो खडा बोटांत फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इथे एक भांडण आहे. भावाशी. जमिनीवरून." आठशे वस्तीच्या गावात भावाशी जमिनीवरून न भांडलेला माणूस शोधावा लागला असता. पण समोरचा रडायला लागायचा.

ओद्नीला एक गोष्ट ठाऊक होती जी गावाला नव्हती. तलाव साडेसहाला उघडतो आणि आठपर्यंत सहसा कुणी येत नाही. सोल्वी रोज साडेसहाला यायचा. तीन किलोमीटर पोहायचा, एकदाही न थांबता. पाण्यातल्या माणसाच्या फेऱ्या मोजणं हे तिचं कामच, त्यामुळे आकड्यात चूक नव्हती. त्यानंतर तो तलावाच्या छोट्या उपाहारगृहात बसून घरून आणलेला डबा उघडायचा. उकडलेला कॉड मासा, कोबी, दोन लहान बटाटे. त्याच्या पिशवीत खिशात मावेल एवढा वजनकाटा असायचा. बटाटे तो त्यावर ठेवायचा. पाव नाही, साखर नाही, बिअर नाही. एकदा कुणीतरी ठेवून गेलेल्या क्लेना या तळलेल्या गोड पदार्थाच्या ताटलीकडे तो अर्धा मिनिट पाहत बसला होता आणि मग त्याने ती दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली होती.

एका सकाळी ती त्याच्या समोर कॉफी घेऊन बसली.

"हे तू लोकांना का सांगत नाहीस?"

"काय?"

"हेच. तीन किलोमीटर, उकडलेला मासा, मोजलेला बटाटा. किती वर्षं करतोयस?"

सोल्वीने काटा पिशवीत टाकला. क्षणभर त्याचा तो मऊ आवाज गेला. "चौदा वर्षं," तो म्हणाला. "पहिली चार मी हेच शिकवत होतो, ओद्नी. वर्गाला सहा जण यायचे, दुसऱ्या महिन्यात दोन उरायचे. लोकांना बटाटा मोजायचा नसतो. त्यांना हातात काहीतरी हवं असतं."

"म्हणून तू त्यांना हातात हगवण देतोस."

तो हसला. "तू सांग त्यांना. बघ कोण ऐकतं."

ती बोलली, आणि तो म्हणाला होता तसंच झालं, कुणी ऐकलं नाही. जाड्या बाईला मत्सर वाटतो, एवढंच गावाने त्यातून घेतलं.

ड्रिफा ही बार्दुरची बायको आणि ओद्नीची तरुणपणापासूनची मैत्रीण. बेकरीच्या गल्ल्यामागे तीस वर्षं उभी राहिलेली, हसरी, तोंडाळ. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने वितळण सुरू केलं.

"गोळ्या घेतेयस ना?" ओद्नीने विचारलं.

"सोल्वी म्हणतो, घेतल्या काय न घेतल्या काय, चरबी गेली की दाब आपोआप उतरतो. पण घेतेय, तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको घेऊ. डॉक्टरांना विचारलंस?"

"अगं, डॉक्टर मला आठ वर्षं सांगतेय, वजन कमी कर, वजन कमी कर. कसं ते कधी सांगितलंन? सोल्वीने निदान एक तारीख दिली." ड्रिफा थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला नाही कळायचं, ओद्नी. तू मोठं पोट घेऊन मोकळी फिरतेस. मी पाण्यात उतरेपर्यंत टॉवेल धरून ठेवते. बावन्न वर्षांची झाले, अजून धरते."

ओद्नीने विषय तिथेच सोडला. बोलायला हवं होतं, असं नंतर तिला पुष्कळदा वाटलं.

सातव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ड्रिफा तलावावर आली. पिशवीत बरणी होती, सोल्वीला दाखवायला आणलेली. चेहरा मेणासारखा. हसत होती. ओद्नीने काचेच्या खोलीतून हात केला. ड्रिफाने बरणीची पिशवी वर करून दाखवली आणि ती बेचाळीस अंशांच्या कुंडात उतरली. कुंडात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

ओद्नीने फोन घेण्यासाठी मान वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा कुंडावर नुसती वाफ होती.

पळत गेल्याचं तिला काही आठवत नाही. आठवतं ते पाण्याखालचं ड्रिफाचं तोंड, उघडे डोळे, आणि तिला काखेत धरून वर ओढताना लागलेलं वजन. काठावर आडवं केल्यावर ड्रिफाने पाणी ओकलं, मग श्वास घेतला, मग पुन्हा ओकलं. ओठ निळे होते. ओद्नी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून तिचं नाव घेत राहिली. दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टर आल्दिस मंगळवारी आणि गुरुवारीच गावात असते. ड्रिफाचं नशीब की तो मंगळवार होता. आल्दिस तरुण, थकलेली, चार खोऱ्यांची एकटी डॉक्टर. तिने गावच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि दाब मोजला. मग बाहेर येऊन ओद्नीला म्हणाली, "सहा दिवस पोटात अन्न नाही. जुलाबाने अंगातलं पाणी आणि क्षार गेले. वर दाब उतरवायची गोळी. वर बेचाळीस अंशांचं पाणी. एवढं सगळं एकत्र केलं तर घोडाही पडेल."

पण संध्याकाळी गावात गोष्ट वेगळीच फिरत होती. सोल्वी म्हणाला होता, जुनी चरबी सुटताना शरीराला झटका बसतो, मोठी सुटका अशीच होते. आणि ड्रिफाने उशीवर डोकं ठेवून ते मान्य केलं होतं. ओद्नी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तू सगळ्यांना सांगत सुटलीयस की सोल्वीने मला मारलं असतं."

"मी तुला पाण्यातून काढलं, ड्रिफा."

"काढलंस. उपकार झाले. आता माझं एवढं एक चांगलं झालंय ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. सहा किलो गेलेत माझे. खडे बघितलेस का तू? नाही बघितलेस. तुला बघायचेच नाहीत."

ओद्नीने ती बरणी पाहिली ती गुरुवारी. ड्रिफाची बरणी त्या गडबडीत कुंडाकाठी राहिली होती. सफाईवाल्याने ती उचलून पंपाच्या खोलीत, गरम पाण्याच्या पाइपाशेजारच्या फळीवर ठेवून दिली होती. ओद्नी ती परत करायला म्हणून घ्यायला गेली, तर आत खडे नव्हते. पाण्यावर हिरवट तेलाचा जाड थर तरंगत होता. झाकण उघडलं. तिने नाक घट्ट धरायची तयारी केली होती. पण संडासाच्या वासाआडून दुसरा वास आला, ओळखीचा. लिंबाचा, आणि कोशिंबिरीवर घालतात त्या तेलाचा.

ती बरणी हातात धरून पंपाच्या आवाजात उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच साधा प्रश्न आला. हे ड्रिफाच्या अंगातून आलं, की ड्रिफाने रात्री जे प्यायलं तेच सकाळी परत आलं?

हे ठरवायचं कसं, तेही साधंच होतं. ज्याच्या अंगावर चरबीच नाही अशा माणसाला तेच पाजायचं.

असा माणूस गावात एकच होता. कारी, मेंढपाळ, एकाहत्तर वर्षांचा. त्याच्या बरगड्या काठावरून मोजता यायच्या, पोट पाठीला लागलेलं. ओद्नीने त्याला उपाहारगृहात गाठलं आणि सगळं सांगितलं.

कारीने ऐकून घेतलं. "म्हणजे मी तेल प्यायचं, मग चाळणी घेऊन बसायचं, आणि जे येईल ते तुला आणून द्यायचं."

"हो."

"माझी बायको गेल्यापासून कुणी माझ्याकडे इतकं खाजगी काही मागितलं नव्हतं."

"हो की नाही ते सांग."

"उपाशी राहणार नाही. मटणाचं सूप रोज लागतं मला."

"खा तू. उलट बरंच आहे."

आल्दिस आधी भडकली, मग कारीला तपासलं, मीठ अर्ध्यावर आणलं, पाणी भरपूर प्यायला लावलं आणि म्हणाली, "हे मी पाहिलेलं नाही. पण काय येतंय ते मला कळव."

कारीची बरणी शनिवारी सकाळी आली. खडे बार्दुरच्यापेक्षाही जास्त होते.

"माझ्याजवळ एवढी चरबी होती," कारी गंभीरपणे म्हणाला, "आणि मी हिवाळाभर कुडकुडत होतो."

तिसऱ्या बरणीतले खडे ओद्नीने स्वतः बनवले, पंपाच्या खोलीत, प्लास्टिकच्या बादलीत. तलावाच्या कामाचा कॉस्टिक सोडा तिथेच असतो आणि तो हाताळायची तिला एकतीस वर्षांची सवय. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी. बादली गरम पाइपाला टेकवून ऑलिव्ह तेल सोड्याबरोबर गरम केलं. ते फुटून घट्ट झालं. थंड झाल्यावर त्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर तेच मीठ घातलं. बादलीत भुरे, हिरवट गोळे जमू लागले. तिने ते तळहातावर वळले, अर्धे चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केले आणि दिवसभर फ्रीजमध्ये ठेवले. मग हेरिंगच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून त्यात ते सोडले. ते तरंगले.

रविवारी दुपारी तीनला तलावाशेजारच्या खेळाच्या सभागृहात सोल्वीचं मोठं वाचन होतं. दीडशे खुर्च्या, मागे उभी माणसं. लांब टेबलावर चाळीसएक बरण्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. बार्दुर आला होता. ड्रिफाही आली होती, अंगावर शाल, ओद्नीकडे न बघता पुढच्या रांगेत बसलेली. टेबलावर 'ओद्नी' नावाची बरणी दिसली तेव्हा कुजबुज सुरू झाली.

सोल्वीने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. एवढी मोठी शिकार त्याला अपेक्षित नव्हती.

तो तिच्याकडे लगेच वळला नाही. आधी दोनतीन बरण्या वाचल्या, मग कारीची उचलली. लोकांत हसू फुटलं. कारी उभा राहिला, सदरा वर करून बरगड्या दाखवल्या आणि म्हणाला, "किती गेली ते सांग रे. शोधून सापडत नाहीये."

सभागृह हसलं, पण सोल्वी डगमगला नाही. "लपलेली चरबी," तो म्हणाला. "बारीक माणसाची चरबी आत असते, हाडांपाशी. तीच जास्त घातक." आणि हसणारे लोक माना डोलवू लागले. कारी ओद्नीकडे पाहून खांदे उडवत खाली बसला. एवढ्या साध्या पुराव्याने होत नाही, हे ओद्नीला त्या क्षणी कळलं.

मग सोल्वीने तिची बरणी घेतली.

"ओद्नी," तो म्हणाला. "तू माझ्याशी भांडलीस. आणि तरीही केलंस. याला धैर्य लागतं." त्याने झाकण काढलं आणि सगळ्यात मोठा तपकिरी खडा बोटांत धरला. डोळे मिटले.

"हा जुना आहे," तो हळूच म्हणाला. "वीस वर्षांपेक्षा जुना. इथे समुद्र आहे. कुणीतरी गेलंय आणि परत आलेलं नाही. तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी कामावर आलीस. ते सगळं तू गिळलंस, ओद्नी, आणि ते इतकी वर्षं तुझ्या पोटावर बसून होतं."

ओद्नीचा नवरा गेस्तुर बावीस वर्षांपूर्वी बोटीसकट बुडाला होता. देह मिळाला नाही. ती खरंच दुसऱ्या दिवशी कामावर आली होती, कारण शाळेची मुलं पोहायला येणार होती आणि दुसरा जीवरक्षक नव्हता. हे गावाला ठाऊक होतं, आणि गावाने तिच्यासमोर ते कधी काढलं नव्हतं.

पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. ड्रिफाने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते.

ओद्नीने ठरवलं होतं ते वेगळं होतं. तो भावाबिवाचं भांडण काढेल, ती उठून सांगेल, लोक हसतील. गेस्तुरला कुणी या सभागृहात आणेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठली आणि टेबलापाशी गेली.

"तो खडा," ती म्हणाली, "मी काल सकाळी पंपाच्या खोलीत बनवला. तेल, सोडा आणि लिंबू. तपकिरी आहे तो चहाने. माझ्या पोटात तो एक क्षणही नव्हता. बादली घेऊन आलेय मी, दाराशी ठेवलीय. ज्याला बघायची त्याने बघावी."

लोक वळून दाराकडे पाहू लागले.

"माझा नवरा त्या बादलीत नाहीये, सोल्वी. तू त्याचं नाव न घेता त्याला विकायला काढलंस."

सोल्वीने तोंड उघडलं. "हेतू," तो म्हणाला, "तुझ्या हातातून तुझं दुःख त्यात उतरलं असणार..." पण आवाज मऊ राहिला नाही, आणि मागून क्रेनवाला म्हणाला, "बस खाली." फार मोठ्याने नाही. सोल्वी बसला नाही, पण बोलायचं थांबला.

मग आल्दिस पुढे आली. रविवार असूनही ती ऐंशी किलोमीटर गाडी चालवून आली होती. तिला भाषण करता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

"तेल तुम्ही प्यालात," ती म्हणाली. "आतड्यातल्या रसांनी ते फोडलं. लिंबू आणि मिठाशी मिळून त्याचे साबणासारखे गोळे झाले. म्हणून ते प्रत्येकाला मिळतात. जाड, बारीक, कारी, सगळ्यांना. आणि गरम पाइपाजवळ ठेवले तर वितळून त्यांचं परत तेल होतं. पोटावरची चरबी कातडीखाली असते, आतड्यांच्या बाहेरच्या बाजूने असते. आतड्याच्या नळीत नसते. तिथून संडासापर्यंत तिला रस्ताच नाही. ती जाते तेव्हा हळूहळू जळते आणि बरीचशी श्वासावाटे निघून जाते. ती बरणीत भरता येत नाही."

"मग माझे सहा किलो?" बार्दुरने विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर ते त्यालाही अजून कळलेलं नव्हतं.

"पाणी. आतड्यातला माल. थोडं स्नायूंचं मांस, थोडी चरबीही, कारण तू उपाशी होतास. त्यानंतर पोटभर खातोयस ना? आज वजन कर."

बार्दुरने केलेलं असावं, कारण त्याचा हात पट्ट्याच्या भोकांकडे गेला.

"त्याचं पोट मग?" मुख्याध्यापिकेने सोल्वीकडे बोट दाखवलं. "ते तर खरं आहे."

"ते खरं आहे," ओद्नी म्हणाली. "तो रोज साडेसहाला येऊन तीन किलोमीटर पोहतो. चौदा वर्षं. उकडलेला मासा खातो आणि बटाटा काट्यावर ठेवतो. तेल पिताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. विचारा त्याला."

सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि तो टेबलावरच्या बरण्यांकडे.

सोल्वी बुधवारी गाव सोडून गेला. त्याला कुणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. सगळ्यांनी नमतं घेतलं असंही नाही. ऑर्गनवाला आजही सांगतो की बादलीतले खडे नकली होते, त्याचे खरे होते. एकदा चाळणी घेऊन संडासात बसलेल्या माणसाला, आपण उगाच बसलो होतो, हे मान्य करणं फार जड जातं.

ड्रिफा आठ दिवसांनी तलावावर आली. कुंडात नाही, ऑफिसात. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"दवाखान्यात बोलले ते..." ती म्हणाली.

"राहू दे."

"राहू कसं दे. मी बुडत होते आणि मला राग तुझा आला." ती थोडा वेळ हातमोज्याशी चाळा करत बसली. "चार किलो परत आले. आल्दिस म्हणते आता महिन्याला दीडदोन, त्याहून घाई नाही. दुपारचं गोड बंद, कॉफीतली साखर बंद, रात्री मासा आणि भाजी, रोज तासभर चालायचं. आणि चौकोनबिकोन विसर म्हणते. बावन्नाव्या वर्षी कुणाला दिसतात, कुणाला नाही, त्याने काही बिघडत नाही. दाब उतरला तर ते जास्त मोलाचं."

"मग?"

"मग काय. कंटाळवाणं आहे ते." ड्रिफा हसली, आणि हसता हसता रडली. ओद्नी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

त्याच दुपारी ओद्नीने फोन उचलला. सोल्वी डोंगरापलीकडच्या फ्योर्डमध्ये, खाडीकाठच्या दुसऱ्या गावात, गेल्याचं कळलं होतं. तिथला जीवरक्षक तिच्या ओळखीचा. तिने त्याला तेल, मीठ, लिंबू, चाळणी सगळं सांगितलं.

"आमच्याकडचे लोक हुशार आहेत," तो म्हणाला.

"आमचेही होते," ओद्नी म्हणाली. "हुशारीचा प्रश्न नाहीये. तो पहिल्यांदा बरणी वर धरेल तेव्हा सगळे बरणीकडे बघतील. तू बघू नकोस. तू त्याला विचार, यातलं काय बाहेरून आत गेलं होतं? ज्याला हा आजारच नाही त्याला हेच पाजून पाहिलंस का? आणि तू स्वतः रोज काय खातोस? तीनच प्रश्न आहेत. ते विचारायला डॉक्टर लागत नाही, शिक्षण लागत नाही. चारचौघांत वाईट दिसायची तयारी लागते, तेवढी ठेव."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "थांब, कागद घेतो. पहिला प्रश्न पुन्हा सांग."